अण्णांची बोट पाच वाजता

अण्णांनी बोटीवर बाल्कनीवाली खोली घेतली. तिथे पैशाकडे पाहिलं नाही. कॉर्डेलिया क्रूझ २०२१ पासून मुंबईहून सुटते आहे आणि शेजारची तीन घरं लक्षद्वीप बघून आली, म्हणजे आता थांबण्यात अर्थ नव्हता. पण पुण्याहून धक्क्यापर्यंत स्वतंत्र गाडी करायची म्हटल्यावर त्यांच्यातला जिल्हा परिषदेचा निवृत्त लेखापरीक्षक खडबडून जागा झाला. "बोट समुद्रात जाते, तिचं समजू शकतो. गाडी खोपोलीवरूनच जाणार ना?" शेअर गाडीत दोन सीटा झाल्या, एक अण्णांची, एक त्यांच्या पत्नीची, माईंची. आपल्या दारातून उचलते, बोटीच्या दारात सोडते.

ही दोनच दारं अण्णांना मान्य आहेत. मधली सगळी दारं म्हणजे अतिक्रमण. कोथरूडहून निघालेली गाडी कर्वेनगरकडे वळली की ते ड्रायव्हरला शांतपणे सांगतात, "मुंबई तिकडे आहे." मग औंध, मग वाकड. प्रत्येक सोसायटीच्या गेटवर कुणी किती मिनिटं खाल्ली ते खिशातल्या डायरीत चढतं. त्यांच्या स्वतःच्या गेटवर ड्रायव्हर "काका, खाली आलोय" असं तिसऱ्यांदा फोनवर सांगत होता, तेव्हा अण्णा गॅसचा रेग्युलेटर पुन्हा एकदा बघायला आत गेले होते. त्याची नोंद नाही. ते काम होतं. इतरांचा तो उशीर.

शेअर गाडीत आजवर विमानवाल्यांचं राज्य होतं. शीवला उतरणारा बिचारा कोपऱ्यात गप्प. विमानवाल्यानं नुसतं "चेक-इन" म्हटलं की ड्रायव्हर स्वतःचा चहा रद्द करतो. अण्णांनी हे राज्य उलथवलं. वाकडला चढलेल्या मुलानं "दुबईची फ्लाइट आहे, जरा पटकन" म्हटलं मात्र, अण्णा मागे वळले. "विमान चुकलं तर दुसरं असतं. बोट चुकली तर आम्ही काय पोहत जायचं?"

"किती वाजताची आहे, काका?"

"पाच."

"आत्ता सकाळचे सात वाजलेत."

"तेच म्हणतोय मी. दहाच तास राहिले!"

मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. माईंनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. संसारात त्यांनी पुष्कळ खिडक्या अशा बघितल्या असाव्यात.

लोणावळा मागे पडलं तशी अण्णांना अटल सेतूची आठवण झाली. जवळजवळ बावीस किलोमीटरचा पूल, थेट शिवडीला, तिथून ईस्टर्न फ्रीवे, की बॅलार्ड इस्टेट आलंच. माहिती बिनचूक होती. ड्रायव्हर म्हणाला, "काका, विमानतळाची सीट आहे, शीवची आहे. आणि सेतूचा टोल अडीचशे. तुम्ही देताय का?" गाडीत क्षणभर फक्त एसीचा आवाज. "तसा वाशीचा पूलही मजबूत आहे," अण्णा म्हणाले, आणि तिथला टोल ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना माफ झाल्याचं सगळ्यांना समजावून सांगितलं.

एका बाबतीत मात्र त्यांची धास्ती खरी आहे. शेअर गाडीच्या ड्रायव्हरला विमानतळाचं टर्मिनल झोपेतही सापडतं. बोट म्हटली की तो भाऊच्या धक्क्याकडे निघतो. तिथून मांडव्याची रो-रो सुटते, अण्णांची बोट नव्हे. मुंबई बंदराच्या दारांना रंगांची नावं आहेत, ग्रीन, रेड, यलो, ऑरेंज, आणि अण्णांना हवं ते ग्रीन. हे त्यांनी खालापूरपासून इतक्या वेळा बजावलं की ड्रायव्हर सिग्नल हिरवा झाला तरी दचकायला लागला. वर इतिहासही ऐकवला: १९२८ मध्ये फ्रंटियर मेल बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून सुटू लागली, म्हणजे साहेब बोटीतून उतरला की पुढ्यात आगगाडी. "साहेब वाटेत कर्वेनगरच्या सीटा घेत नव्हता," हे त्यावरचं भाष्य.

असा माणूस खरं तर घाटातच उतरवून द्यावा. देत नाहीत, त्याला कारण आहे. बाहेरचं खाणं बोटीवर चालत नाही हा नियम अण्णांनी आदल्या रात्री वाचला, पण माईंच्या पुऱ्या तोवर तळून झाल्या होत्या. मग मेथीच्या पुऱ्या, दडपे पोहे, बाकरवडी, ओल्या नारळाच्या वड्या, सगळं खालापूरच्या फूड मॉलवर गाडीच्या बॉनेटवर मांडलं गेलं. दुबईवाल्याला आग्रह करकरून वाढलं. ड्रायव्हरला वड्या कागदात बांधून दिल्या. या थांब्याला पस्तीस मिनिटं लागली. डायरीत तीही नाहीत.

गाडी ग्रीन गेटला साडेअकराला लागली. आत घेणार होते दीड वाजता.

तर वाचकहो, शेअर गाडीनं मुंबई गाठायची असेल तर बुकिंग करताना एवढंच विचारून घ्या, की कुणी बोटीला जाणारं आहे का. असेल तर खिडकीची आशा सोडा, वेळेवरून वाद घालू नका आणि घरून नाश्ता करून निघू नका.