आमगावचे समीक्षक

ब्रिटनच्या गोल्डीने 1995 साली ‘टाइमलेस’ हा ड्रम अँड बेसचा अल्बम काढला. शीर्षकरचनाच 21 मिनिटांची. 1998च्या ‘सॅटर्न्झ रिटर्न’मध्ये तर एक रचना तासाभराची! हा प्रयोग की नुसती ताणाताणी, यावर शौकीन अजून वाद घालू शकतात. आमगावात तो प्रश्नच नाही. वरातीपुढे धुमाल पार्टी लागली की एकच तुकडा नवरदेव मांडवात पोचेपर्यंत चालतो आणि नवरदेवाला घाई नसते. समीक्षाही रोखठोक : तावदानं थरथरली तर बेस उत्तम, नाही थरथरली तर वरबापाने पैसे वाचवले. (सुरांचा मुद्दा अद्याप कोणी काढलेला नाही.) निवासी भागात रात्रीची आवाजमर्यादा 45 डेसिबल आहे. यजमानांनो, पत्रिकेत आहेराच्या सूचनेखाली तेवढं छापून टाका.