तवरून ताकभात: नवशिक्यांसाठी स्पॅनिश रॉक

सर्वप्रथम 'देस्पासितो' बंद करा. गाणं वाईट आहे असं नाही. 2017 मध्ये ते वरातीपासून जिमपर्यंत सगळीकडे वाजलं आणि आपल्याला स्पॅनिश संगीत कळतं असा गैरसमज अर्ध्या जगात ठेवून गेलं. पण ते रॉक नव्हे. त्याला कंबर लागते. आपल्याला फक्त मान लागणार आहे, आणि चाळिशीनंतर तेवढंच परवडतं.

साहित्य: एक बरा हेडफोन, रोजचा पाऊण तास आणि न कळणारी भाषा निमूट ऐकून घ्यायची तयारी. ही तिसरी गोष्ट तुमच्याकडे आधीपासूनच असणार. आपल्यातल्या बहुतेकांनी इंग्रजी रॉक तरी कसं ऐकलं? निम्मे शब्द कळले, निम्मे मनाने भरले आणि गॅदरिंगला स्टेजवर चढून तेच ठणकावून गायले. तीच पद्धत इथे वापरायची. फक्त यावेळी आपल्याला काही कळत नाही हे प्रामाणिकपणे कबूल करायचं.

आता उच्चार. इथे मराठी माणूस इंग्रजांच्या पुढे आहे, आणि अशी संधी वारंवार येत नाही. स्पॅनिश त हा आपल्या ताकातला त, आणि द हा दह्यातला द. इंग्रजाच्या तोंडून तिथे ट आणि ड बाहेर पडतात. आपण मात्र हॉटेलात बसून त्याच्यासारखंच 'टाको' म्हणतो, याला काय म्हणावं? ताको म्हणा. पुढे एक गायक भेटेल, त्याला सेराती म्हणा. स्वर पाचच, जसे लिहिलेत तसेच. एच हे अक्षर घरजावयासारखं: असतं, पण बोलत नाही. अर्जेंटिनातला गायक 'मी' म्हणायला 'शो' म्हणतो, मेक्सिकोतला 'यो'. स्पेनचा गायक मध्येच 'थ' काढतो, त्याची जीभ अडखळलेली नसते. गोवेकरांनी मात्र हुरळून जाऊ नये. पोर्तुगीज वेगळी, स्पॅनिश वेगळी. आपला पाव तिकडे 'पान' होतो. तेवढ्या भांडवलावर गाणं कळत नाही.

पुढची सूचना मी अनुभवातून देतो आहे: पाहुण्यांसमोर अर्थ न पाहता काहीही लावू नका. रविवारची सकाळ, पोहे, घरात बहीण आणि तिची मुलगी. भाची स्पॅनिशच्या क्लासला जाते, म्हणून तिच्यावर छाप पाडावी या हेतूने मी मेक्सिकोच्या 'मोलोतोव' या बँडची 1997 ची पहिली तबकडी लावली. बेस गिटार झकास घुमत होती. मी मान हलवत होतो, बहीणही हलवायला लागली. भाचीने पोह्यांची बशी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मामा, हे काय म्हणतायत तुला माहितीये का?" मला माहीत नव्हतं. नंतर शब्द शोधून पाहिले. त्यातले बरेचसे एस.टी. स्टँडामागच्या भिंतीवर शोभले असते. आणखी चौकशी केल्यावर कळलं, की मुखपृष्ठ आणि शब्द पाहून मेक्सिकोतल्या काही दुकानांनी ती तबकडी ठेवायलाच नकार दिला होता, तेव्हा बँडवाल्यांनी ती रस्त्यावर उभं राहून विकली.

पण त्या फजितीतून एक गोष्ट हाती लागली. तबकडीच्या माहितीत निर्माता म्हणून एक नाव होतं: गुस्तावो सांताओलाय्या. हे नाव कागदावर लिहून ठेवा. त्याचं काम पुढे पडणार आहे.

दरम्यान देश निवडा. एकदम वीस देश ऐकायला बसलात तर लग्नाच्या बुफेत होतं तेच होईल: ताट भरेल, चव कशाचीच राहणार नाही. नवशिक्याने अर्जेंटिनापासून सुरुवात करावी. मेक्सिकोवाले यावर भांडतील, त्यांना भांडू द्या. त्यांच्याकडे 'टीन टॉप्स' हा बँड साठच्या आसपास अमेरिकन रॉक अँड रोल स्पॅनिशमध्ये उतरवून धडाक्यात गात होता हे खरं. आणि पेरूच्या राजधानीत, लिमात, 'लोस साइकोस' नावाची पोरं 1965 मध्ये रेल्वे स्टेशन पाडून टाकण्याबद्दल पंकसारखी किंचाळली, आणि पंक हा शब्दही तेव्हा रुळलेला नव्हता. तरीही अर्जेंटिना.

कारण तिथे भाषेचा प्रश्न रोखठोक सुटला. 1967 मध्ये 'लोस गातोस' या बँडचं 'ला बाल्सा' आलं. बाल्सा म्हणजे तराफा. लितो नेबिया आणि तांगितो या दोन पोरांनी ब्वेनोस आयरेसमधल्या 'ला पेर्ला' नावाच्या कॅफेच्या न्हाणीघरात बसून ते रचलं, असं तिथे सगळे सांगतात. इंग्रजी गाण्याची उसनवारी न करता स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या कंटाळ्यावर रचलेलं हे गाणं तुफान खपलं, आणि रॉक स्पॅनिशमध्ये शोभत नाही ही तक्रार तिथे तरी संपली. मग 1976 मध्ये लष्कराने सत्ता घेतली. माणसं गायब होऊ लागली, गाण्यांवर कात्री चालू लागली. चार्ली गार्सिया या लांबोडक्या पियानोवाल्याने 'सेरू हिरान' या बँडसाठी 1980 मध्ये आश्चर्यनगरीतल्या ॲलिसच्या नावाखाली आपल्याच देशाची गोष्ट गाऊन टाकली. मुलांच्या गोष्टीतली पात्रं असल्यावर हरकत कोण घेणार?

आणि मग सरकारनेच रॉकवाल्यांचं भलं केलं. एप्रिल 1982 मध्ये फॉकलंड बेटांवरून ब्रिटनशी युद्ध सुरू झालं. अर्जेंटिनातले लोक त्या बेटांना माल्विनास म्हणतात. तेव्हा रेडिओवरून इंग्रजी गाणी काढून टाकण्यात आली. आता दिवसभर वाजवायचं काय? ज्या पोरांना कालपर्यंत पोलीस कॉलर धरून नेत होते, त्यांचीच गाणी लागू लागली. युद्ध जूनमध्ये अर्जेंटिना हरला, पण रेडिओवर शिरलेलं रॉक काही परत गेलं नाही. पुढच्या वर्षी चार्लीने न्यूयॉर्कला जाऊन 'क्लिक्स मोदेर्नोस' ध्वनिमुद्रित केली. त्यात गायब केलेल्या माणसांवरचं, डायनोसॉरांच्या नावाचं एक गाणं आहे. ते पियानोवर शांतपणे सुरू होतं. ते ऐकताना भांडी घासू नका, मोबाइल बघू नका. लोकशाही डिसेंबर 1983 मध्ये परतली, तबकडी त्याच्या जेमतेम महिनाभर आधी बाजारात आली होती.

सराव पाठ पहिला: अर्जेंटिनाचाच बँड 'सोदा स्तेरेओ', गाणं 'दे मूसिका लिखेरा', साल 1990. चार कॉर्ड आहेत, तेच फिरून फिरून येतात. गिटार शिकणाऱ्या शेजारच्या पोराला दुपारभरात जमतील. आता गंमत पाहा. हेच गाणं 20 सप्टेंबर 1997 च्या निरोपाच्या मैफिलीतून ऐका. ब्वेनोस आयरेसचं रिवर प्लेट स्टेडियम, गाणं शेवटचं. प्रेक्षक गायकाच्या आधी गातात. शेवटी गायक गुस्तावो सेराती 'ग्रासियास' म्हणतो, क्षणभर थांबतो, आणि 'तोतालेस' म्हणतो: संपूर्ण आभार. व्याकरणाच्या मास्तरांनी कदाचित नाक मुरडलं असेल, पण पुढे तो शब्दप्रयोग तिकडच्या बोलण्यात कायमचा बसला. तेच चार कॉर्ड दोन वेळा ऐकून फरक कळला, तर तुम्ही पहिली इयत्ता पास.

चिलीसाठी एकच गाणं पुरे. 'लोस प्रिसिओनेरोस', 1986, 'एल बाइले दे लोस के सोब्रान', म्हणजे जास्तीच्या झालेल्यांचा नाच. शाळेत सगळ्यांना सारखीच स्वप्नं दाखवली, मग काहींना नोकऱ्या मिळाल्या आणि काहींच्या वाट्याला रस्त्यातले दगड लाथाडणं आलं, असा विषय. सुरुवातीला कुत्री भुंकतात. तुमच्या गल्लीतली नव्हेत, गाण्यातलीच. 2019 मध्ये सांतियागोत मेट्रोचं भाडं 30 पेसोंनी वाढल्यावर आंदोलन पेटलं, तेव्हा लाखो लोकांनी रस्त्यावर हेच गाणं म्हटलं. गाणं लिहिलं गेलं तेव्हा त्यातल्या कित्येकांचा जन्मही झालेला नव्हता.

स्पेनबद्दल मी आखडता हात घेतो आहे हे मान्य. 'एरोएस देल सिलेन्थियो' ऐका. त्यांच्या गायकाचा, बुनबुरीचा, आवाज गुहेतून आल्यासारखा येतो, काहींना फार आवडतो, मला दिवसातून दोन गाण्यांपुरता. मेक्सिकोचा 'माना' तुम्हाला कोणीतरी सुचवणारच. ऐका, गोड आहे. श्रीखंडही गोड असतं, म्हणून कोणी वाडगंभर श्रीखंड खाऊन जेवण झालं म्हणत नाही.

आता तो कागद बाहेर काढा. याद्या आणि मोबाइलने आपोआप लावून दिलेली गाणी तुम्हाला एकाच चवीचं पुन्हा पुन्हा वाढतील. त्यापेक्षा माणसाचा माग काढा. सांताओलाय्या मूळचा अर्जेंटिनाचा, तिथल्या 'आर्को इरिस' बँडचा. लष्करी राजवटीत 1978 मध्ये देश सोडून लॉस एंजेलिसला गेला. चिलीच्या त्या जास्तीच्या पोरांची 1990 ची 'कोरासोनेस' त्याने केली. मेक्सिकोतल्या 'काइफानेस' आणि 'माल्दिता वेसिंदाद'च्या तबकड्यांवरही त्याचंच नाव. आणि 1994 मध्ये 'काफे ताकुबा'ची 'रे'. तिच्यावर थोडं रेंगाळा. वीस गाणी आहेत. एकात लग्नाच्या बँडसारखी पिपाणी, दुसऱ्यात बोलेरो, तिसऱ्यात नुसता गोंगाट. बँडला कायमचा ड्रमवाला नव्हता, ते काम तेव्हा यंत्राकडे. गायक अधूनमधून स्वतःचं नाव बदलतो. पहिल्यांदा ऐकताना तबकडी बदलली की काय असं तीनदा वाटेल. बदललेली नसते. 'इंग्राता' हे त्यातलं सगळ्यात नाचरं गाणं. प्रेयसीला गोळी घालण्याची भाषा आता थट्टेत म्हणवत नाही, असं सांगून 2017 मध्ये बँडने ते गाणं थांबवलं. रॉकवाल्यांनी असं करणं दुर्मीळ, म्हणून नोंदवतो.

हे सगळं फारच लांबचं वाटत असेल तर शेवटची एक सूचना. किरण रावचा 'धोबी घाट' पुन्हा लावा, जानेवारी 2011 मध्ये आपल्याकडे लागला होता तो. यावेळी आवाज वाढवा आणि मुंबईच्या पावसामागे कुठली तार वाजते आहे तिकडे कान द्या. मग श्रेयनामावलीत संगीतकाराचं नाव वाचा. तुमच्या कागदावर आहे तेच.