कक्का बंता?

मी एसटीत 31 वर्षं काढली. त्यातली शेवटची 12 कंट्रोलर म्हणून, कराडच्या स्टँडवर. फलाटाला लागलेली गाडी का सुटत नाही, याची शेकडो कारणं मला तोंडपाठ आहेत. ड्रायव्हर जेवायला गेलाय, कंडक्टरचं तिकीट मशिन बिघडलंय, घाटात दरड आलीये. पण निवृत्त होऊन बंगळूरला मुलाकडे आलो आणि अशी एक गाडी नशिबी आली, की जिचा ड्रायव्हर जागेवर, गाडी भरलेली, रस्ता मोकळा, आणि ड्रायव्हरच म्हणतोय, "नाय जानाल." ड्रायव्हरचं वय अडीच वर्षं.

झालं असं, की जूनमध्ये नातवाला खेळशाळेत घालायचं ठरलं आणि शाळेनं सांगितलं, डायपर चालणार नाही. म्हणून एप्रिलमध्ये घरात डायपरबंदी लागू झाली. शू पंधरा दिवसांत वळणावर आली. शी मात्र जी आत बसली ती बसलीच. तीन दिवस, चार दिवस, पाच दिवस.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या अक्कांचा त्याच्यावर फार जीव. सकाळी आठला दारात चपला काढता काढता पहिला प्रश्न, "कक्का बंता?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमची ही लगबगीनं पदर सावरत दारात गेली आणि अक्कांच्या मागे जिन्यात डोकावून म्हणाली, "अगंबाई, आज कसे आले? उद्यान एक्सप्रेसचं तिकीट तर रविवारचं होतं ना?" माझा धाकटा भाऊ, म्हणजे नातवाचा काकाआजोबा, पुण्याहून यायचा होता. सूनबाईंनी हसू आवरत खुलासा केला, की कन्नडमध्ये लहान मुलांची कक्का म्हणजे आपली शी, आणि बंता म्हणजे आली का. भावाला ही गोष्ट फोनवर सांगितली. तो अजून हसलेला नाही.

इकडे नातवाचा रोज एक प्रयोग चाले. जेवण झालं, की स्वारी हॉलच्या पडद्याआड. खालून फक्त पावलं दिसत, तीही चवड्यांवर उभी. डोकावून बघावं तर पाय एकमेकांवर तिढा घातलेले, पडदा दोन्ही मुठींत घट्ट, चेहरा लालबुंद. "काय करतोयस रे?" "काय नाय." आम्हाला वाटे, पोरगं केवढं कुंथतंय! मग आम्ही चौघं पडद्याभोवती कोंडाळं करून, दहीहंडीच्या थरांना देतात तसा धीर द्यायचो, "लाव जोर! शाब्बास! आणखी थोडं!" दोन मिनिटांनी तो घाम पुसत बाहेर येई आणि गाड्या खेळायला लागे. चड्डी कोरडी.

मग एक दिवस चड्डीला पातळ डाग दिसायला लागले. हिनं निदान केलं, जुलाब. लगेच सहाणेवर जायफळ उगाळून चाटवलं. दरड कोसळलेल्या घाटात आम्ही वरून आणखी दोन ट्रक खडी ओतली, हे चार दिवसांनी कळलं.

बालरोगतज्ज्ञ बाई बेळगावच्या निघाल्या, म्हणजे मराठीत लाजता येण्याची सोय झाली. त्यांनी आधी विचारलं, "जन्मल्यावर पहिली शी दोन दिवसांत झाली होती ना?" मुलगा आणि सून एकमेकांकडे बघायला लागले. ही म्हणाली, "त्याच संध्याकाळी, सव्वासातला." मग बाईंनी पोट चाचपलं आणि भिंतीवरचा तक्ता दाखवला. ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी 1997 साली जगातल्या सगळ्या शीचे सात प्रकार करून टाकलेत. पहिला म्हणजे सुट्या कडक लेंड्या, सातवा म्हणजे पाणी. आमच्या घराण्यात आजवर दोनच प्रकार होते, झाली आणि नाही झाली.

पडद्यामागच्या प्रकाराचं वर्णन ऐकून बाई म्हणाल्या, "आबा, तो जोर बाहेर ढकलायचा नसतो, आत धरून ठेवायचा असतो. कधीतरी कडक शी होऊन त्याला दुखलंय. तेव्हापासून कळ आली की तो सगळी ताकद लावून दार बंद करतो. जितकं धरेल तितकी शी कडक, कडक झाली की पुन्हा दुखणार, दुखलं की पुन्हा धरणार." म्हणजे आम्ही चौघं महिनाभर चुकीच्या संघाला टाळ्या वाजवत होतो!

"आणि ते डाग?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, "सिल्क बोर्डचा चौक बघितलाय ना? पुढे मोठा ट्रक अडकला की बस, मोटारी सगळ्या जागच्या जागी. पण स्कूटरवाले?" "फुटपाथवरून जातात." "तेच. कडक गोळ्याच्या कडेनं मागची पातळ शी वाट काढते. हा जुलाब नाही, ही कोंडी आहे." आयुष्यभर वाहतूक सांभाळली, पण वाहतुकीचं इतकं स्वच्छ निदान मी प्रथमच ऐकलं. अशी कोंडी फार दिवस राहिली, की आतलं आतडं ताणून सैलावतं आणि कळ आल्याचा निरोपच नीट पोचत नाही. म्हणून औषधाची पावडर पाण्यातून द्यायची. ती शीमध्ये पाणी धरून ठेवते, त्यामुळे शी मऊ राहते. आठ दिवसांत बंद करायची नाही, महिनोन् महिने लागतात. हिनं हळूच विचारलं, "विड्याच्या पानाचा देठ, एरंडेल लावून?" बाईंनी हात जोडले. ज्या दाराची त्याला भीती बसलीये, त्यावर बाहेरून धडका नकोत. दूध कमी, पाणी जास्त, पपई, नाचणी. आणि डायपर मागितला तर निमूट द्यायचा. शाळा थांबेल, आतडं थांबत नाही.

पुढची सूचना, जेवणानंतर पाच मिनिटं बसवायचं. जठरात नवा माल पडला, की मोठं आतडं आपोआप हलायला लागतं. हे मला समजावून सांगावं लागलं नाही. मागची गाडी फलाटावर आली, की पुढची काढावीच लागते. मात्र पाय लोंबकळता कामा नयेत. पायाखाली टेकू हवा, गुडघे कमरेच्या वर. उकिडवं बसलं की आतला रस्ता सरळ होतो. मी कराडहून आणलेला शिसवी पाट उचलला. ही कडाडली, "अहो, तुमच्या मुंजीचा पाट आहे तो!" शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानातून निळं प्लास्टिकचं स्टूल आलं. आणि एक शिट्टी. फुंकताना पोट आपोआप खाली दाबलं जातं, ही बाईंची युक्ती.

सगळ्यात अवघड सूचना शेवटची होती, की कुणीही विचारायचं नाही. आमच्याकडे सकाळी पुण्याहून फोन, "झाली का?" दुपारी कोल्हापूरच्या विहीणबाई, "झाली का?" कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर तर मुलानं तारीखवार तक्ताच टाकला होता. त्या पोरानं काय खायचं, कधी झोपायचं, कुठला शर्ट घालायचा, सगळं आम्ही ठरवतो. जगात एकच गोष्ट पूर्ण त्याच्या ताब्यात होती आणि तिथे आम्ही सहा जण भोंगा घेऊन उभे. स्टँडवर मी हेच शिकलो होतो, फक्त घरी विसरलो. गाडीला शिव्या घालून गाडी सुटत नाही. रस्ता मोकळा करायचा आणि बाजूला व्हायचं.

अक्कांनाही बजावलं. त्या बिचाऱ्या दारात नुसत्या भुवया उंचवायच्या.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. नाचणीची आंबील पिऊन स्वारी बसली होती. मी बाथरूमच्या उंबऱ्यापाशी पेपर वाचत होतो. तो उलटा धरलाय हे नंतर कळलं. शिट्टी वाजली, पुन्हा वाजली, मग थांबली. बराच वेळ काही नाही. मी जीभ दातांत धरून बसलो. आणि मग, "डुबुक." पाठोपाठ आतून बारीक आवाज, "टिंग टिंग!" एसटीची डबल बेल. मीच शिकवलेली. गाडी सुटली.

पावडर अजून चालू आहे, मधूनच पडद्याआड पावलंही दिसतात. पण त्या सकाळी तो तसाच, विनाचड्डी, हॉलभर धावला, "कक्का बंतु! कक्का बंतु!" हिनं डोळे टिपले, फोन उचलला आणि पुण्याला लावला.

"भावोजी, आलात हो एकदाचे!"

"वहिनी," पलीकडून आवाज आला, "मी पुण्यातच आहे."