धुराड्याचा पत्रा आणि नळीवरची श्रद्धा

अमेरिकेतल्या लाकडी घरांची एक गंमत आहे. पाऊस आणि बर्फ आत येऊ नये म्हणून नीट उतरतं छप्पर घालायचं, आणि मग त्यातूनच विटांचं धुराडं वर काढायचं. त्यात विस्तव पेटला तर पेटला. पावसाची हजेरी मात्र चुकत नाही. वीट आणि छपरावरचे डांबरी शिंगल जिथे भेटतात, तिथे बसवलेल्या पत्र्यांना फ्लॅशिंग म्हणतात. छताला ओल आली की घरमालक, मग तो न्यू जर्सीत स्थिरावलेला मराठी माणूस का असेना, सीलंटची नळी आणून दिसेल त्या कडेला काळा लेप थापतो. माझं म्हणणं एवढंच, की पाणी चिकटवून थांबत नाही. वरचं खालच्यावर चढवून त्याला बाहेरची वाट दाखवावी लागते, आणि ते काम पत्र्याचं. नळीला मान द्यायचाच तर सगळ्यात शेवटी, तोही बोटभर जागेत.

पुरावा छपरावरच आहे. जाणता कारागीर खालून वर जातो. आधी उताराकडच्या तोंडाशी आडवा पत्रा; मग दोन्ही कुशींना काटकोनात वाकवलेले तुकडे, शिंगलच्या प्रत्येक ओळीला एक, वरचा खालच्यावर किमान दोन इंच चढलेला. धुराडं ३० इंचांहून रुंद असलं तर त्याच्या पाठीशी दोन्हीकडे उतरता छोटा उंचवटा करावा, असं तिथला बांधकाम नियमच सांगतो. नाहीतर पाणी आणि पाचोळा तिथेच मुक्काम ठोकतात. शेवटी विटांच्या दर्जांत इंचभर खाच पाडून त्यात वरचा पत्रा खोवतात. तो खालच्या तुकड्यांवर नुसता पांघरलेला असतो, जखडलेला नाही. मेख इथेच आहे. धुराड्याचा पाया वेगळा, घराचा वेगळा. लाकूड दमटपणाने फुगतं-आकसतं, वीट तिच्या चालीने खचते. अशा दोघांना एकत्र चिकटवलं की कुठेतरी फाटणारच. कोकणातली मंगळुरी कौलं तरी काय करतात? एकमेकांवर नुसती रेलून आषाढ काढतात, डिंकाचा थेंबही न लावता.

यावर कोणी म्हणेल, आताचे सीलंट जुन्या डांबरासारखे उन्हाने तडकत नाहीत, कंपनी हमीसुद्धा देते. देते ना! पण हमी लेपाची असते, हलत्या सांध्याची नाही. शिवाय उत्साही माणूस पत्र्याची खालची कडही बुजवतो, म्हणजे चुकून आत शिरलेल्या पाण्याचा परतीचा रस्ताही बंद. वरच्या खाचेत मात्र सीलंट हवंच, त्याबद्दल तक्रार नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पत्रासुद्धा अमर नसतो. खरं आहे. ॲल्युमिनियमला ओल्या सिमेंटचा क्षार खातो. इंग्रजांनी शिसं धरलं. ते कौलाच्या वळणावर ठोकून बसवता येतं, पण उन्हात इतकं पसरतं की साधारण दीड मीटरहून लांब तुकडा लावला तर कालांतराने चिरतो. तरी त्याची किंमत चोरांना कळते. इंग्लंडमधल्या चर्चच्या छपरांवरचं शिसं ते उतरवून नेतात. जुनं सीलंट खरवडून नेल्याचं मात्र ऐकिवात नाही.

तिसरा आक्षेप पत्र्याच्याच बाजूने आहे, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. पुष्कळदा पत्रा निर्दोष असतो. धुराड्याच्या माथ्यावरचा सिमेंटचा थर तडकलेला असतो, किंवा विटाच पाणी पीत असतात. आत आलेलं पाणी वाशावरून घरंगळत चार हात दूर, भलत्याच खोलीच्या छतावर डाग पाडतं. मालक डागाच्या बरोबर वर छपरावर जागा शोधतो, तिथे काहीच सापडत नाही, आणि मग हातात नळी आहेच म्हणून बिचाऱ्या पत्र्यालाच आणखी एक थर फासून खाली उतरतो.