निषेध स्ट्रासबर्गचा, गॅस बाकूचा

५ ऑक्टोबर २०२३ रोजी युरोपीय संसदेने स्ट्रासबर्गमध्ये अझरबैजानचा निषेध केला. ४९१ मते बाजूने, ९ विरोधात, ३६ तटस्थ. अझरबैजानमधल्या नागोर्नो-काराबाख या प्रदेशातल्या आर्मेनियन लोकांचे जे झाले ते वांशिक निर्मूलनच, असे ठरावात स्वच्छ म्हटले होते.

ठरावातला शब्द न् शब्द खरा होता. पण तोवर काराबाख रिकामे झाले होते! १९ सप्टेंबरला अझरबैजानने हल्ला केला, दुसऱ्या दिवशी तिथल्या प्रशासनाने शस्त्रे खाली ठेवली आणि पुढच्या काही दिवसांत एक लाखाहून अधिक माणसे घरदार सोडून आर्मेनियात गेली.

हे अचानक घडले, असे कुणी म्हणू नये. काराबाखला आर्मेनियाशी जोडणारा लाचिनचा रस्ता डिसेंबर २०२२ पासून अडवलेला होता. दुकाने ओस पडली, औषधे संपत गेली. १९ जानेवारी २०२३ ला याच संसदेने रस्ता मोकळा करण्याची मागणी करणारा ठराव केला. फेब्रुवारीत आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही तसाच आदेश दिला. बाकूतल्या अझरबैजानी सरकारने दोन्ही धुडकावले.

एवढी हिंमत आली कुठून? जुलै २०२२ मध्ये युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी बाकूला जाऊन राष्ट्राध्यक्ष इल्हाम अलियेव्ह यांच्याबरोबर गॅसच्या समझोत्यावर सही केली. युक्रेनवर चालून गेलेल्या रशियाचा गॅस कमी करायचा होता, म्हणून अझरबैजानचा वाढवायचा. २०२७ पर्यंत वर्षाला किमान २० अब्ज घनमीटर, असे ठरले. एका हुकूमशहाला धडा शिकवण्यासाठी दुसऱ्याची तिजोरी भरली. पैसे देणारे गिऱ्हाईक आपल्याला दुखावणार नाही, हे अलियेव्ह यांनी अचूक ओळखले.

ऑक्टोबरच्या ठरावात निर्बंधांची आणि अझरबैजानच्या गॅसवरचे अवलंबित्व कमी करण्याची मागणी होती. पण निर्बंध लावणे संसदेच्या हाती नाही. त्यासाठी २७ सदस्य देशांची सरकारे एकमताने तयार व्हावी लागतात. एक सरकार अडले, की सगळे अडते.

म्हणून निषेधाचे ठराव करूच नयेत का? जरूर करावेत. जुलमाची अधिकृत नोंद राहते, उद्या खटला उभा राहिला तर ती कामी येते, आणि ज्या काराबाखवासीयांचे नेते बाकूच्या तुरुंगात डांबले गेले त्यांना कुणीतरी आपले म्हणणे ऐकले एवढा आधार मिळतो. पण हात वर करून खासदारांची जबाबदारी संपत नाही. त्या ४९१ पैकी अनेकांचे पक्ष आपापल्या देशांत सत्तेत होते. स्ट्रासबर्गमध्ये दिलेले मत त्यांनी आपल्याच पंतप्रधानांपुढे, आपल्याच ऊर्जामंत्र्यांपुढे लावून धरायला हवे होते, आणि तेही रस्ता बंद झाला त्याच आठवड्यात.

परक्या सरकारचा निषेध करायला फारसे धैर्य लागत नाही. त्याच्याशी चाललेला आपला व्यवहार थांबवायला लागते. ज्या संसदेला माणसांच्या हक्कांची खरी चाड आहे, तिने ठरावाच्या पहिल्याच कलमात लिहावे : याची किंमत आम्ही मोजू.