उलटा वाचावा

अण्णा धुळ्याला असतात, मी जळगावला. मधे पारोळा, एरंडोल आणि त्यांचा रोज रात्रीचा फोन. नोंद ठेवणं हा अण्णांचा धर्म. इन्व्हर्टरमध्ये पाणी कधी घातलं, सिलिंडर किती दिवस पुरलं, भरताची वांगी काय भावाने मिळाली, सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाला चिकटून.

दिवाळीला गेलो तेव्हा एका चौकटीत वाचलं : 'दूध दीड लिटर. एटीएम पिन', आणि पुढे चार आकडे. त्याखाली बारीक अक्षरात : 'उलटा वाचावा.'

"अण्णा, दूधवाला रोज इथेच येऊन हिशेब बघतो."

"बघू दे की. तो कशाला उलटा वाचेल?"

"खाली लिहिलंय ना तसं!"

"ते माझ्यासाठी आहे."

मग त्यांनी हुकमाचं पान टाकलं. "1932 साली इथल्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे. साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं, म्हणून 'गीता प्रवचने' हाती आली. लिहून ठेवलेलं कधी वाया जात नाही."

साने गुरुजी मधे आले की खान्देशात वाद संपतो. गुरुजींनी अठरा अध्याय उतरवले, तुरुंगाच्या किल्ल्या कुठे टांगतात ते नाही उतरवलं, हे मी मनातल्या मनातच म्हटलं.

तोंडाने म्हटलं नाही ते बरं झालं. कारण सोमवारी ऑफिसात नवा शिकाऊ मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, आपल्या एका गिऱ्हाईकाचा पासवर्ड 'केळीचाभाव' आहे."

"तुला कसा कळला?"

"लॉगमध्ये आहे ना. सगळ्यांचेच आहेत."

लॉग म्हणजे प्रोग्रॅमची रोजकीर्द. कोण आलं, काय मागितलं, कुठे अडलं, ते प्रोग्रॅम ओळीओळीने लिहीत जातो. चार महिन्यांपूर्वी लॉगिन का अडतंय ते कळेना, म्हणून मी एक ओळ घातली होती : फॉर्ममध्ये जे येईल ते सगळं लिहून ठेव. चूक दोन दिवसांत सापडली. ओळ तिथेच राहिली आणि इमानाने लिहीत राहिली.

गंमत अशी की पासवर्ड आम्ही नीटच साठवत होतो. ती रीत कळण्याच्या दळणासारखी. ज्वारी आणि उडीद एकदा जात्यातून गेले की पिठातून पुन्हा दाणे काढून दाखवा! पासवर्डही असाच दळून ठेवतात, चोराच्या हाती लागलं तरी पीठच लागतं. पण माझी ओळ जात्याच्या तोंडाशी वही घेऊन बसली होती. दाणा आत पडायच्या आधीच टिपून घेत होती.

जीव थोडा झाला की माणूस आपल्याहून मोठा गुन्हेगार शोधतो. मला ट्विटर सापडलं. 3 मे 2018 रोजी त्यांनी जाहीर केलं की दळण पुरं होण्याआधीच पासवर्ड आतल्या लॉगमध्ये उतरत होते; गैरवापर दिसलेला नाही, तरी सगळ्यांनी पासवर्ड बदलावेत. वापरणारे होते 33 कोटींच्या वर. म्हणजे आपले सगळे देव ट्विटरवर असते, तर एकूणएक देवाला पासवर्ड बदलायला लागला असता. पुढच्या वर्षी फेसबुकनेही असंच काहीसं कबूल केलं. मला जरा बरं वाटलं.

साहेबांना वाटलं नाही.

ओळ काढायला एक मिनिट लागलं, निस्तरायला आठवडा. लॉगच्या रोज रात्री प्रती निघतात, त्यांच्या आणखी प्रती निघतात, आणि चूक शोधायला त्या कोणीही उघडतं. त्या सगळ्या शोधून पुसल्या. पासवर्ड नावाची कुठलीही चौकट लॉगमध्ये चांदण्यांनी झाकली जाईल अशी सोय केली. आणि प्रत्येक गिऱ्हाईकाला कळवलं : कृपया पासवर्ड बदला.

त्या रात्री अण्णांना फोनवर हात जोडले. "उद्याच पिन बदला. आणि कॅलेंडरवर लिहू नका."

"बरं," ते म्हणाले. इतक्या लवकर ते कधीच ऐकत नाहीत.

पुढच्या महिन्यात धुळ्याला गेलो. पाणी पिता पिता नजर भिंतीकडे गेली.

'दूध एक लिटर. चिरंजीवांच्या सांगण्यावरून आजपासून पिन कॅलेंडरवर लिहिणे बंद. नवीन पिन', आणि पुढे चार आकडे.

त्याखाली बारीक अक्षरात : 'सरळ वाचावा.'