पिन मार

आमच्या कोथरूडच्या गॅलरीत तुळस एक आणि स्टोव्ह सात. स्वयंपाक पाइपातून येणाऱ्या गॅसवर होतो. आईचं म्हणणं असं की, जे पितळ तिने मोडीत घालून स्टीलचे डबे घेतले, तेच मी आता दामदुपटीने परत घरात आणतोय.

खोटं नाही. रविवारी सकाळी जुन्या बाजारात उकिडवं बसून स्टोव्हची टाकी उलटीसुलटी करून बघणारा माणूस म्हणजे मी. विकणाऱ्याच्या लेखी सगळेच ‘प्रायमस’. खरा प्रायमस स्टॉकहोमचा, लिंडक्विस्ट नावाच्या कारागिराचा, १८९२च्या सुमाराचा. ऑप्टिमस, रेडियस ही त्याचीच स्वीडिश भावकी. प्रायमसवाले १९११पासून टाकीवर सालाचं अक्षर ठोकत, त्यामुळे ते सापडलं की पत्रिका हाती आल्यासारखं वाटतं. मात्र चिंच लावून घासल्याशिवाय ते अक्षर दिसत नाही, आणि घासल्यावर बहुतेक वेळा ते अक्षर नसतंच, पोचा असतो.

घडीचे पाय, पत्र्याची डबी, असा प्रवासी प्रायमस मला एकदाच मिळाला. आमच्या तरुणपणी असली चैन नव्हती. राजगडावर जाताना घरचाच स्टोव्ह गोणपाटात गुंडाळून एसटीत मांडीवर घ्यायचा. रॉकेलची बाटली सॅकमध्ये पाझरायची आणि दोन दिवस पोह्यांना, चहाला, अंथरुणाला एकच वास. ॲमुंडसेनने हाच प्रायमस १९११ साली दक्षिण ध्रुवावर नेऊन पेटवला. आमच्याकडून तो पद्मावती माचीवर पेटला नाही. दोघांनी चादर धरली, तिसऱ्याने अर्धी काडेपेटी संपवली, शेवटी तीन दगडांवरच खिचडी झाली.

परवा गच्चीवर प्रात्यक्षिक ठेवलं. रॉकेल शोधण्यात आठवडा गेला. स्पिरिट नव्हतं, म्हणून करोनातलं उरलेलं सॅनिटायझर काकड्यावर ओतलं. बायको म्हणाली, “अहो, सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलंत का?” मी ऐकू न आल्यासारखं केलं. मुलीला समजावत होतो: आधी काकड्याने बर्नर तापवायचा, मग पंप, तापल्या नळीत रॉकेलची वाफ होते, ती केसाएवढ्या भोकातून सुटते, म्हणून ज्योत निळी आणि भांड्याला काजळी नाही. ज्योत पिवळी आली. हातभर.

खुर्चीत पाठमोरी बसलेली आई म्हणाली, “घाई केलीस. हवा सोड. बर्नर तापलाच नाही.”

दुसऱ्यांदा स्टोव्ह भुर्रर्र करत लागला. मी टाकीवरचा शिक्का मुलीला दाखवू लागलो. आईने मान जराशी तिरकी केली. तीस वर्षं पदर खोचून तिने त्या आवाजासमोर पोळ्या लाटल्यात. शिक्का कधी वाचला नसेल.

“अडखळतोय. पिन मार.”

पिन मारली. आवाज सरळ झाला. सात स्टोव्ह ओळखायला मला भिंग लागलं होतं. मी कौतुकाने तिच्याकडे बघत बसलो.

“बघतोस काय? वर काही ठेवायचं नसेल तर बंद कर,” ती म्हणाली, “रॉकेल जळतंय.”